बोटघराची किल्ली

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांना समुद्र नाही. त्यामुळे शिडाच्या होड्यांवरची, त्यातही मुलांच्या सेलिंग क्लबांच्या आरंभकाळावरची पुस्तिका इथल्या शाळांच्या ग्रंथालयांत ठेवायची म्हटली, तर ‘ही अलिबागला पाठवा की’ असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याचं फारसं चुकत नाही. पण नकाशा जरा नीट पाहावा. आपल्याकडे हौशी नौकानयन ज्या दोन ठिकाणी रुजलं त्यांपैकी एक मुंबई बंदर आणि दुसरं पुण्याचा मुळा-मुठा संगम. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि या दोन पाण्यांना जोडणारी वाट कर्जतवरूनच गेली. दीडशेहून अधिक वर्षं आपण दोन्हीकडच्या गाड्या बघतो आहोत. त्या दोन्ही टोकांना पाण्यावर काय चाललं होतं, याची मात्र आपल्याकडे फारशी चौकशी झाली नाही.

ही पुस्तिका ती चौकशी करते. कुठला क्लब कधी निघाला याच्या सनावळ्या तिच्यात आहेत, होड्यांचे प्रकार आहेत, शर्यतींचे नियम आहेत. मला त्यातून एकच प्रश्न वर काढायचा आहे. होडी होती, पाणी होतं, वारा होता, तरी मुलांना होडीत बसायला शंभर वर्षं का लागली? याचं उत्तर बोटघराची किल्ली त्या त्या काळात कुणाच्या खिशात होती, यात आहे. युवा सेलिंग क्लबांचा सुरुवातीचा इतिहास म्हणजे ती किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली त्याची हकिगत आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली निघाला. १८७६ साली त्याला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली आणि १८८१ साली अपोलो बंदरावर त्याचं देखणं क्लबहाउस उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर ती जुनी वास्तू अणुऊर्जा विभागाकडे गेली. सभासद कोण, तर लष्करी अधिकारी, सनदी नोकर, बड्या पेढ्यांचे गोरे साहेब. हिंदी माणसाला सभासद म्हणून दार बंद. मग तो कितीही शिकलेला असो की कितीही धनवान. मुंबईतल्या क्लबांच्या या भेदभावामुळेच पुढे विलिंग्डन क्लब काढावा लागला, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते.

इथला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या किनाऱ्यावर हा क्लब उभा होता, तिथं शिडं नवी नव्हती. कोळ्यांचे मचवे, कोकणातून माल आणणारे पडाव, रेवस-धरमतरकडे जाणाऱ्या होड्या हे सगळं त्याच बंदरात शिडावर चालत होतं. कोळ्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा बापाबरोबर खोल पाण्यात जात होता. खारे वारे कधी सुटतात आणि मतलई वारे कधी, हे त्याला भूगोलाच्या पुस्तकातून शिकावं लागत नव्हतं. पण त्याचं शीड पोटासाठी होतं आणि साहेबाचं हौसेसाठी. हौसेच्या शिडाला क्लब मिळाला, चषक मिळाले, शर्यतींच्या नोंदी मिळाल्या. पोटाच्या शिडाची नोंद बंदराच्या जकातीत झाली असेल तेवढीच. आपल्याकडच्या नौकानयनाचा लिखित इतिहास साहेबापासून सुरू होतो, याचं कारण हेच की लिहिण्याची वही त्याच्याकडे होती.

आता गाडी घाट चढून पुण्याला नेऊ. मुळा-मुठा ही बारमाही भरलेली नदी नव्हे. उन्हाळ्यात तिथं होडी चालते ती बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे. हा बंधारा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला झाला. हेतू शहराला पाणी देण्याचा. पण बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी मागे थेट संगमापर्यंत फुगलं आणि वर्षभर वल्हं मारता येईल असा पट्टा तयार झाला. तिथं आधी रॉयल कॅनॉट बोट क्लब आला. तोही लष्करी छावणीतल्या साहेबांचाच.

त्याच संगमाला लागून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था आज सीओईपी या नावानं ओळखली जाते. तिथल्या विद्यार्थ्यांची बोट क्लबची परंपरा १९२८ पासूनची. मला हे साल महत्त्वाचं वाटतं. इथं प्रथमच होडीची किल्ली कुणा अधिकाऱ्याच्या क्लबकडून शिकणाऱ्या पोरांच्या हातात आली. वल्ह्यांच्या होड्या होत्या, शिडाच्या नव्हेत. तरीही क्लब कसा चालतो याचा धडा इथंच मिळतो. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातो, त्यामुळे दर वर्षी वरच्या वर्गातल्यानं खालच्याला शिकवावं लागतं. वल्हं कसं धरायचं इथपासून होडीची डागडुजी कशी करायची इथपर्यंत. हा शिरस्ता मोडला तर क्लब दोन वर्षांत संपेल. तो मोडला नाही, म्हणून ‘रिगाटा’ नावाचा तिथला उत्सव आजही पुणेकर नदीकाठी गर्दी करून बघतात. कयाकचा बॅले, पंट होड्यांची रचना, अखेरीस होड्यांनी पाण्यावर साधलेला बाण. नदीत जलपर्णी माजली की विद्यार्थ्यांपुढे सरावाचा प्रश्न उभा राहतो, हेही तितकंच खरं. क्लबाच्या कहाणीत नदीची तब्येत हा एक कायमचा अध्याय असतो.

शिडाकडे वळलं की कहाणी परदेशात जाते, कारण मुलांसाठी खास होडी बनवण्याची कल्पना तिथं निघाली. १९४७ साल. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातलं क्लिअरवॉटर हे गाव. तिथली मुलं उतारावरून फळकुटांच्या गाड्या पळवत आणि त्यांच्या शर्यती लागत. मेजर क्लिफर्ड मॅके यांनी गावातल्या ऑप्टिमिस्ट क्लबपुढे विचार मांडला की असाच खेळ पाण्यावर का नसावा? अट एकच, होडी पन्नास डॉलरच्या आत झाली पाहिजे. होड्या बांधणाऱ्या क्लार्क मिल्स यांनी ते काम अंगावर घेतलं. प्लायवूडचा तक्ता आठ फुटांचा. टोकदार नाळ काढायची तर लांबी वाढणार, तक्ता पुरणार नाही, खर्च चढणार. त्यांनी नाळ सरळ कापून बोथट ठेवली. जगभरातल्या मुलांची ती ठेंगणी, चौकोनी नाकाची ‘ऑप्टिमिस्ट’ होडी अशी पन्नास डॉलर आणि आठ फूट या दोन मर्यादांतून जन्मली. १९५४ साली एक डॅनिश गृहस्थ, अ‍ॅक्सेल डॅमगार्ड, तिची कल्पना युरोपात घेऊन गेले आणि पुढे ती जगभर पसरली.

ही होडी जवळून बघण्यासारखी आहे. लांबी सुमारे २.३ मीटर, वजन पस्तीस किलोच्या घरात. दोन मोठी माणसं ती सहज उचलून पाण्यात ठेवतात. एकच शीड, ते एका तिरप्या बांबूसारख्या काठीनं ताणून धरलेलं. मधल्या फटीतून खाली सरकवायची एक फळी असते. ती पाण्यात गेली की होडी वाऱ्यानं आडवी घसरत नाही. मागे सुकाणू, आणि दोरीनं बांधलेली एक बादली, आत आलेलं पाणी उपसायला. बादली बांधलेलीच पाहिजे, कारण होडी उलटली की पहिली तीच वाहून जाते. मूल पंधरा वर्षांचं होईपर्यंत या होडीत शर्यत करतं, आणि होडीत ते एकटंच असतं. सगळी गंमत या एकटेपणात आहे. काठावरचा शिक्षक ओरडू शकतो, पण सुकाणू आणि शिडाची दोरी मुलाच्याच हातात.

पहिला धडा होडी चालवण्याचा नसतोच. तो उलटवण्याचा असतो. जॅकेट घालून, काठाजवळच्या पाण्यात, मुलानं होडी मुद्दाम पालथी घालायची, तिच्या बुडाला वळसा घालून त्या फळीवर वजन टाकायचं, होडी सरळ करायची, आत चढायचं आणि बादलीनं पाणी काढायचं. हे तीन-चारदा झालं की पाण्याची भीती जाते आणि पाण्याविषयीचा आदर तेवढा उरतो. दुसरा धडा वाऱ्याचा. वारा जिकडून येतो तिकडं होडी सरळ जाऊ शकत नाही. थोडी डावीकडून, मग थोडी उजवीकडून, अशी नागमोडी वाट काढत जावं लागतं. प्रत्येक वळणावर शिडाखालचा दांडा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला झपकन येतो. डोकं वेळेत खाली घातलं नाही तर तो टाळक्यात बसतो. शिकवण्याची याहून चोख पद्धत मला माहीत नाही.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर किल्ली मुख्यतः गणवेशाकडे गेली. राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा १९४८ चा, तिचं नौदल अंग १९५२ चं. शाळा-कॉलेजातल्या सामान्य घरच्या मुलाला व्हेलरसारखी वल्ह्यांची किंवा शिडाची होडी हाताळायला मिळाली ती बहुधा याच वाटेनं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५४ च्या अखेरीस खडकवासल्याला आली, आणि पीकॉक बे हा धरणाच्या पाण्याचा भाग छात्रांचं जलशिक्षणाचं मैदान झाला. खडकवासल्याचं धरण ब्रिटिशांनी पुण्याला पाणी देण्यासाठी बांधलं होतं. संगमावर घडलं तेच इथंही घडलं. पाणी साठवलं एका कामासाठी आणि त्यावर शीड उभं राहिलं दुसऱ्यासाठी. महाराष्ट्रातलं देशावरचं नौकानयन हे असं धरणं-बंधाऱ्यांचं अपत्य आहे.

पुढे या खेळाची देशपातळीवरची संघटना, यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया, १९६० साली स्थापन झाली. १९७२ च्या ऑलिंपिकला सोहराब काँट्रॅक्टर आणि अब्दुल बसित ही जोडी उतरली. १९८२ चे आशियाई खेळ दिल्लीत झाले, पण शिडाच्या शर्यती मुंबईच्या बंदरात झाल्या आणि फायरबॉल वर्गात फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं. तारापोर पुढे १९८४, १९८८ आणि १९९२ अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये खेळले. १९८५ ते १९८७ या काळात लष्कराच्या इंजिनिअर्सनी ‘तृष्णा’ या शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणा केली. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी ती एकट्यानं केली. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली. त्या मोहिमेमागे ज्यांचा ध्यास होता ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहत होते ते साताऱ्यातल्या फलटणजवळच्या विंचुर्णीला, चांगल्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात.

ही यादी अभिमानाची आहे. पण तिच्यात एक उणीव ठळक दिसते. बहुतेक नावं सैन्यदलांतली किंवा मुंबईतल्या सुस्थित घरांतली. गावातल्या मुलाला शिडापर्यंत जायचं तर आधी भरती व्हावं लागे. वल्ह्यांच्या खेळाचंही तसंच. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ हा विहिरी खणण्याची कामं केलेला मुलगा. सैन्यात गेला, पुण्याला लष्कराच्या केंद्रात वल्हं हातात आलं, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तेराव्या क्रमांकावर राहिला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदक जिंकला. तळेगाव रोहीच्या दुष्काळी शिवारातून असा नौकापटू निघतो, तर चार महिने पावसात भिजणाऱ्या आपल्या तालुक्यांनी काय समजायचं?

भोपाळनं त्याचं उत्तर दिलं आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. पण शहरात बडा तलाव आहे, आणि २००६ पासून तिथं राष्ट्रीय सेलिंग स्कूल आहे. होशंगाबादची हर्षिता तोमर २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सोळाव्या वर्षी लेझर ४.७ प्रकारात कांस्यपदक घेऊन आली. देवासकडची, शेतकऱ्याच्या घरातली नेहा ठाकूर हांगझोच्या स्पर्धेत २०२३ साली सतराव्या वर्षी रौप्यपदक घेऊन आली. दोघी भोपाळच्याच पाण्यावर शिकलेल्या. हा तलाव भोपाळला पिण्याचं पाणीही पुरवतो. शिडाच्या होडीला ना डिझेल लागतं ना पेट्रोल. ‘पिण्याच्या पाण्यावर होडी कशी?’ हा प्रश्न रास्त आहे. पण त्याला उत्तर असू शकतं, एवढं भोपाळवरून दिसतं.

आता आपल्या पाण्याकडे बघू. उल्हास आणि पाताळगंगा या आपल्या दोन नद्या. घाटमाथ्यावर तलावांत साठवलेलं पाणी टाटांच्या खोपोली केंद्रातून १९१५ पासून आणि भिवपुरी केंद्रातून १९२२ पासून वीज करून खाली येतं. खोपोलीचं पाताळगंगेला मिळतं, भिवपुरीचं उल्हासला. उन्हाळ्यात या नद्यांना धार असते ती बरीचशी त्यामुळे. आपल्याच जिल्ह्यात कोलाडला भिऱ्याच्या विजेच्या पाण्यावर कुंडलिकेत राफ्टिंगचा धंदा उभा राहिला, हे सगळ्यांना माहीत आहे. वाहत्या पाण्याचा तो खेळ. शिडाला मात्र थांबलेलं, पसरलेलं पाणी लागतं. तसं पाणी धरणांत आहे. कर्जतकडे पाली-भुतिवली, सोलनपाडा. खालापूरकडे कलोते, डोणवत, आणि नवी मुंबईची तहान भागवणारं मोरबे. यांतल्या कुठल्या पाण्यावर होडीला परवानगी मिळावी, हे ठरवणं पाटबंधारे खात्याचं आणि त्या त्या यंत्रणेचं काम. पाण्याची पातळी, गाळ, काठचा उतार, डोंगरामुळे मध्येच पडणारा आणि मध्येच उसळणारा वारा हे सगळं तपासल्याशिवाय कुणी उत्साहानं होडी टाकू नये. डोंगरांच्या कुशीतलं पाणी नवशिक्याला फसवतं.

पण आज आपलं पाण्याशी नातं काय आहे, हेही प्रामाणिकपणे बोलायला हवं. पावसाळा सुरू झाला की धबधबे आणि धरणांवर मनाई हुकूम लागतात. त्यांना कारण आहे. दर वर्षी फिरायला आलेली तरणी माणसं बुडतात. हुकूम काढणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तरीही नुसत्या मनाईनं पोहता येत नाही. दुसरीकडे कातकरी आणि ठाकूरवाड्यांतली पोरं लहानपणापासून नदीत असतात. कुठं भोवरा आहे, कुठं खडक निसरडा आहे, पाणी गढुळलं की वर पाऊस झाला हे त्यांना कळतं. उद्या इथं मुलांचा क्लब निघाला आणि तो फार्महाउसच्या फाटकाआड निघाला, तर अपोलो बंदरावरच्या साहेबांच्या क्लबात आणि त्यात काही फरक राहणार नाही. पाणी सगळ्यात चांगलं जाणणारी मुलं पुन्हा काठावर उभी राहून होड्या बघतील. म्हणून या पुस्तिकेतला इतिहास मला मनोरंजनाचा वाटत नाही. तो इशारा आहे.

क्लब काढण्यासाठी काय लागतं, याची यादी शेवटच्या प्रकरणात आहे. ती वाचून कुणी घाबरू नये. चार-सहा छोट्या होड्या, मुलांच्या मापाची जॅकेटं, एक इंजिनाची बचाव होडी, पोहता येणारे दोन जाणते शिक्षक, ऑक्टोबर ते मे असा हंगाम, आणि रविवार देऊ शकणारी मोठी माणसं. यातली शेवटची बाब सगळ्यात दुर्मीळ. होड्या देणगीतून येतात, रविवार येत नाहीत. क्लब कसा टिकतो हे सीओईपीच्या मुलांकडून शिकावं: आज जो शिकला त्यानं उद्या शिकवायचं, आणि त्यासाठी त्याला बोटघराची किल्ली द्यायची. किल्ली एकाच कार्यवाहाच्या खिशात राहिली की क्लब त्याच्याबरोबर म्हातारा होतो.

आणखी एक गोष्ट. लहान क्लबांचा इतिहास लिहिणं अवघड जातं, कारण आरंभीच्या नोंदी कुणी ठेवत नाही. चषकांवर जिंकणाऱ्यांची नावं कोरलेली असतात. पहिली होडी कुठून आली, तिला रंग कुणी दिला, पहिल्या दिवशी कोण आलं होतं, हे कुठंच नसतं. साहेबांच्या क्लबांचा इतिहास उरला आणि कोळ्यांच्या शिडांचा उरला नाही, त्याचं कारण वर आलंच आहे. तीच चूक आपण आपल्या मुलांच्या बाबतीत करू नये.

तेव्हा मुख्याध्यापकांना, ग्रामपंचायतींना आणि पालकांना माझी विनंती साधी आहे. होडीची वाट न बघता या दिवाळीनंतर आपल्या शाळेतल्या मुलामुलींना, वाडीवरच्या पोरांसकट, पोहायला शिकवायची सोय करा. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, जॅकेट घालून. ज्या दिवशी सुरुवात कराल त्या दिवशी एक वही घ्या, पहिल्या पानावर तारीख टाका आणि पाण्यात उतरलेल्या प्रत्येक मुलाचं नाव लिहा. पुढे इथं क्लब निघाला तर त्याचा इतिहास त्या पानापासून सुरू होईल, आणि लिहिणाऱ्याला नावं शोधत फिरावं लागणार नाही.